माझं बोट, तिचा माउस

परिपत्रकावर 'होय' लिहायचं की 'नाही', एवढाच काय तो निर्णय होता. याहून मोठे निर्णय मी रोज घेतो. छत्री न्यायची का, डब्यातली भाजी संपवायची की शेजारच्याला आग्रहाने वाढायची, वगैरे. त्यामुळे फारसा विचार न करता मी 'होय' लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

परिपत्रकात लिहिलं होतं: 'बोटाच्या स्पर्शाने चालणारी, संगणकाची नवी ऑपरेटिंग सिस्टीम लवकरच येत असून तिची प्रिव्ह्यू आवृत्ती पाहण्यासाठी उपलब्ध झाली आहे. सदर सिस्टीम आपण हाताळली आहे काय?'

आता तुम्हीच सांगा, हाताळली म्हणजे काय? हात लावला म्हणजेच ना? आदल्याच आठवड्यात मी मिक्सरचं झाकण आणायला एका दुकानात गेलो होतो. तिथे एक भला मोठा पडदा लावून ठेवला होता आणि येणारा-जाणारा त्याला बोट लावत होता. मीही लावलं. एक निळा चौकोन चार बोटं सरकला. तेवढ्यात मागच्या बाईंनी "आटपा हो" म्हणून मला ढकललं. पण चौकोन सरकला होता, आणि तो माझ्याच बोटाने सरकला होता. तेव्हा माझ्या 'होय'मध्ये खोटं काहीही नव्हतं. (ही मला 'बोटचेप्या' म्हणते ते वेगळ्या अर्थाने. त्याचा इथे संबंध नाही.)

बरं, आता खरं कारण सांगतो. आमचं कार्यालय पाणीपुरवठ्याचं. मी तिथे अभिलेख विभागात, म्हणजे तळघरात बसतो. शहरातल्या प्रत्येक नळाचा जन्म, दुरुस्ती आणि मृत्यू यांच्या फायली माझ्या ताब्यात आहेत, आणि त्यांच्यावरची धूळ माझ्या नाकात. अकरा वर्षं मी शिंकतो आहे. दिवसाला सरासरी चाळीस. कार्यालयात मला माझ्या नावाने कुणी ओळखतच नाही. "तळघराला वर बोलवा", "तळघर आज रजेवर आहे", असं चालतं. आणि परिपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की निवड झालेल्या कर्मचाऱ्याला पहिल्या मजल्यावरचा प्रशिक्षण कक्ष देण्यात येईल. त्या कक्षाला दोन खिडक्या आहेत. पंखा आहे. मी एकदा तिथे फाईल द्यायला गेलो होतो आणि उगाचच दहा मिनिटं रेंगाळलो होतो. मला ती खोली हवी होती. एखाद्याला घर हवं असावं तशी हवी होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं.

"एकशे तेरा लोकांत तुम्ही एकटेच 'होय' निघालात," साहेब म्हणाले. "कुठे हाताळलीत? घरी?"

मी 'दुकानात' म्हणणारच होतो. पण साहेबांच्या टेबलाशी आवक-जावक उभा होता. (येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद तो करतो, म्हणून हे नाव. कोण किती वाजता आलं आणि गेलं, याचीही नोंद तो करतो, पण ती त्याला कुणी सांगितलेली नाही.) तो माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत असा काही हसत होता की माझी जीभ वळली.

"घरी कॉम्प्युटर आहे, साहेब," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं.

"टचस्क्रीन?"

"स्क्रीनला हात लावतो, साहेब." हेही खरं होतं. त्यावरून मी घरी पुष्कळदा बोलणी खाल्ली आहेत.

"वा, वा! आपल्याकडे ही कच्ची आवृत्ती टाकायला वरून परवानगी नाही. मग असं करू. रविवारी सकाळी दहाला मीच तुमच्या घरी येतो. चालवून दाखवा. जमलं, तर प्रशिक्षण कक्ष तुमचा."

"मीही येतो, साहेब," आवक-जावक म्हणाला. त्याला कुणी विचारलं होतं?

घरी येऊन मी ही बातमी दिली तेव्हा ही एका विद्यार्थ्याचा प्रबंध टाइप करत होती. ते तिचं काम. घरबसल्या लोकांचे प्रबंध टाइप करून देते, त्यांच्या चुकाही सुधारते आणि पहिल्या पानावर नाव त्यांचं छापून येतं.

"अहो, पण आपल्या स्क्रीनला बोट कळत नाही," ती मान वर न करता म्हणाली.

"सिस्टीम टाकली की कळेल."

"सिस्टीम टाकून काचेला अक्कल येत नाही. ती साधी काच आहे."

"तू आधीच नाट लावू नकोस."

तिने एकच अट घातली. तिच्या सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर नेऊन ठेवल्याशिवाय मी कॉम्प्युटरजवळ फिरकायचं नाही. फायली तिनेच नेल्या. प्रिव्ह्यू तिनेच उतरवला, तिनेच टाकला. माझा वाटा अगदीच नव्हता असं नाही. मी मधे दोनदा "झालं का?" विचारलं.

दीड तासाने पडदा उजळला. लाल, हिरवे, निळे चौकोन, बालवाडीच्या भिंतीसारखे. मी खुर्ची पुढे ओढली, बाही वर सारली आणि निळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

काही नाही.

जरा दाबलं.

"दाबू नका. डोअरबेल नाही ती," ही म्हणाली.

मग अंगठा लावून पाहिला. बोट ओलं करून पाहिलं. आई शेजारी उभी राहून हा सोहळा बघत होती. "अरे, नखाने उचकटून बघ," असं तिने सुचवलं. मी तेही केलं. प्रत्येक प्रयत्नानंतर आई फडक्याने काच पुसून द्यायची, त्यामुळे काच मात्र लखलखीत झाली. शेवटी वैतागून मी अख्खा पंजा डावीकडे ओढला, आणि काय सांगू, सगळे चौकोन झुळकन डावीकडे सरकले!

"चाललं! अगं, चाललं!" मी खुर्चीतून उडालोच.

"मी माउस हलवला," ही म्हणाली.

मी खाली बसलो. आईने काच पुसली. मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली. माझ्या डोक्यात सहसा कल्पना येत नाहीत, त्यामुळे आलेली परत पाठवायची सवय मला नाही.

"पुन्हा हलव," मी म्हणालो. "मी बोट नेईन तसा तू माउस ने."

तिला क्षणात सगळं कळलं. "अहो, हे खोटं आहे."

"खोटं कसं? बोट तर माझंच आहे."

ती 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तोच मला शिंक आली. शपथेवर सांगतो, मुद्दाम नव्हती. एक, दोन, तीन. ही अकरा वर्षं माझे रुमाल धुते आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दोरीवर वाळत घातलेल्या रुमालांच्या रांगेकडे पाहिलं.

"रविवारपुरतंच हं," ती म्हणाली.

तालीम मंगळवारपासून सुरू झाली, रोज संध्याकाळी सात ते आठ. माउस बिनवायरचा होता, हे नशीब. माझ्या मागे एक खुर्ची, तिच्यावर ही, मांडीवर चहाचा ट्रे, ट्रेमध्ये माउस आणि माउसवर नॅपकिन. बघणाऱ्याला वाटावं, बाई बिचाऱ्या चहा द्यायच्या तयारीत बसल्या आहेत. स्क्रीनवरचा बाणही तिने इतका बारीक करून टाकला की तो मुंगीएवढा दिसायचा. आईला तिने बजावून ठेवलं, "आई, ट्रेमधलं हे तिथून अजिबात हलवायचं नाही बरं का." आई म्हणाली, "मी कशाला हलवू बाई तुमचा उंदीर."

पहिल्या दिवशी माझं बोट पुढे आणि बाण मागून धापा टाकत येतोय, असं चाललं होतं. बुधवारी बाण पुढे आणि बोट मागे. गुरुवारी दोघं एकदम पोचले आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो. शुक्रवारी तर तिला हसू आवरेना, मलाही आवरेना, आणि पडद्यावरचे चौकोन गदागदा हलत होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण इतक्या एकमताने आम्ही आजवर काहीही केलं नव्हतं. सोफ्याचा रंगसुद्धा दोन मतांनी ठरला होता आणि दोन्ही मतं तिची होती.

ही सिस्टीमसुद्धा एक नमुनाच होती. बटण म्हणून कुठे दिसायचं नाही. सगळं काठाकोपऱ्यात दडवून ठेवलेलं. उजव्या कोपऱ्यात गेलं की आतून एक पट्टी बाहेर यायची. उघडलेलं पान बंद करायचं तर त्याला वरून धरून खाली खेचायचं. आणि कॉम्प्युटर बंद करणं म्हणजे तर कोपरा, पट्टी, सेटिंग्ज, पॉवर आणि मग शट डाउन. हे सगळं हिने शोधून काढलं, वहीत लिहून काढलं. मी कशाला शिकू? मला नुसतं बोट तर फिरवायचं होतं. शनिवारी संध्याकाळी आमच्या कामगिरीत बोट ठेवायला जागा नव्हती.

रविवारी दहाला पाच कमी असताना साहेब आले. मागून आवक-जावक, हातात वही. मी "या, या" म्हणेपर्यंत साहेब जाऊन बसले ते थेट हिच्या खुर्चीवर.

"साहेब, त्या खुर्चीचा पाय जरा..."

"चालेल हो. कार्यालयातली याहून वाईट आहे."

ही ट्रे घेऊन मधोमध उभी. साहेब हात जोडून म्हणाले, "वहिनी, आमच्यासाठी काही धावपळ करू नका." आता नॅपकिन झाकलेला ट्रे घेऊन बाई साहेबांच्या मागे उभी राहणार तरी कशी? तिने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि ती ट्रेसकट आतल्या खोलीत निघून गेली.

मी सहज मागे वळलो. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. समोर कपाट, कपाटाला उभा आरसा, आणि आरशात हिचा चेहरा. दाराआड पलंगाच्या कडेला बसून ती आरशातून आमचा पडदा बघत होती. तिने अंगठा वर केला. शाब्बास! माझी बायको म्हणजे बायको आहे, असं मी मनात म्हटलं आणि खुशीत पडद्याकडे वळलो.

"बघा साहेब, आता मी बोट डावीकडे नेतो. चौकोनही डावीकडे जातील."

मी बोट डावीकडे नेलं. चौकोन उजवीकडे पळाले.

"उजवीकडे गेले," साहेब म्हणाले.

"हो साहेब. ते... बोटाला वाट करून देतात."

"असं होय," साहेब म्हणाले. आवक-जावकने वहीत लिहून घेतलं.

तुम्हाला कळलंच असेल काय झालं ते. आरशात डावं उजवीकडे दिसतं. मला मात्र तेव्हा कळलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, आता बोटच उजवीकडे नेऊ, म्हणजे चौकोन डावीकडे जातील. इकडे मी असा शहाणा झालो, आणि तिकडे नेमकी त्याच क्षणी हीसुद्धा शहाणी झाली. तिने मनातल्या मनात उलट्याचं सुलट केलं होतं. मी डावीकडे पाठवू पाहत होतो ते चौकोन माझ्या बोटाबरोबर मुकाट्याने उजवीकडे गेले. मी पुन्हा बदललं. तिला वाटलं, तीच चुकली, म्हणून तिनेही बदललं. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं एकमेकांना वाट देता देता एकाच बाजूला सरकत राहतात ना, तसं आमचं सुरू झालं. फरक एवढाच, की त्यातलं एक माणूस साहेबांना दिसत नव्हतं.

"आता हवामान उघडतो," मी घाम पुसत म्हणालो आणि सूर्याच्या चित्रावर बोट ठेवलं. उघडला फोटोंचा गठ्ठा. पडद्यावर भलाथोरला मी, सोफ्यावर आडवा झालेला, तोंड उघडं, नाकावर रुमाल.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "हे हवामान?"

"दमट आहे, साहेब."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, खणखणीत: "अगं, आरशात उलटं दिसतं! तो डावीकडे जातो तेव्हा तू उजवी..." आणि पुढचं कुणीतरी हाताने दाबल्यासारखं बंद झालं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"आई आहे. सूनबाई भांग पाडतेय, आई सांगतेय."

"त्या या वेळी भांग पाडतात?"

"आमच्याकडे आई म्हणेल तेव्हा पाडतात, साहेब."

आवक-जावकने तेही लिहून घेतलं. आणि मग साहेब उठले, बोटं मोडून मोकळी केली आणि म्हणाले, "सरका जरा. मी लावून बघतो."

संपलं, मी म्हटलं. पहिल्या मजल्यावरच्या दोन्ही खिडक्या माझ्या डोळ्यांसमोर धाडधाड बंद झाल्या.

साहेबांनी डावीकडे बोट नेलं. चौकोन डावीकडे. उजवीकडे नेलं, उजवीकडे. एकाला टिचकी मारली, तो उघडला. अहो, लोण्यात सुरी फिरावी तसं! आता चुका करायला मी मधे नव्हतो ना. हिला एकटीला आरसा आणि साहेबांचं बोट एवढंच सांभाळायचं होतं. साहेबांनी चित्र काढायचं पान उघडलं आणि बोटाने घर काढलं. घराला दार काढलं, धुराडं काढलं, वर सूर्य काढला. साहेबांचा हात जरा थरथरतो, पण पडद्यावरच्या रेघा कशा सरळ, खणखणीत.

"चौथीत चित्रकलेत नापास झालो होतो मी," साहेब हळूच म्हणाले. "आणि बघा, हात अजून आहे!"

"मी बघू का, साहेब?" आवक-जावक पुढे सरसावला. त्याने बोट टेकवलं. ढिम्म. पुन्हा टेकवलं. ढिम्म.

"तुमच्या बोटाला शाई आहे. पुसा," साहेब म्हणाले.

त्याने पँटला बोट पुसलं, टेकवलं, चोळलं. काही नाही. मी मागे वळून पाहिलं. आरशात ही हाताची घडी घालून बसली होती. हा माणूस घरी फोन करतो तेव्हा "तळघर आहे का?" असं विचारतो, ते ती विसरली नव्हती. त्या क्षणी मला तिच्याशी पुन्हा लग्न करावंसं वाटलं.

"जाऊ द्या, तुमच्या हाताला गुण नाही," असं म्हणून साहेब माझ्याकडे वळले. "छान! उत्तम! आता फक्त बंद करून दाखवा, म्हणजे झालं. लोकांना ते आधी शिकवावं लागतं."

मी ऐटीत बोट उजव्या कोपऱ्यात नेलं. काही झालं नाही. पुन्हा नेलं. आरशाकडे पाहिलं. आरशात नुसता पलंग. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास येत होता.

"काय झालं?"

"साहेब, ही..." मी चारही कोपरे चोळून काढले. "ही नव्या विचारांची सिस्टीम आहे. बंद होणं तिला पसंत नाही."

"पण आता तर हलली!" साहेब म्हणाले.

खरंच, पडद्यावर एक काळी रेघ आपली आपण निघाली होती. तिने साहेबांच्या घराचं दार खोडलं, धुराड्याला वळसा घातला आणि सूर्याला मिशा काढल्या. माझे दोन्ही हात माझ्या खिशात होते.

"तुम्ही हात लावला नाहीत?"

"नाही, साहेब."

"मग हे काय?"

"ती... सराव करते आहे."

आणि दारातून आई आली. हातात तोच ट्रे. ट्रेमध्ये चहाचे चार कप, बिस्किटांची बशी आणि मधोमध, बशीच्या कडेखाली जरा दाबला गेलेला, नॅपकिन पांघरलेला उंचवटा. आईच्या एकेका पावलाबरोबर उंचवटा इकडून तिकडे सरकत होता, आणि पडद्यावर एकेक रेघ उमटत होती. आवक-जावकने पडद्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

"बिस्किटांना जागाच नव्हती," आई म्हणाली, "पण हिने सांगितलंय, हे ट्रेमधून हलवायचं नाही. म्हणून तसंच आणलं."

साहेबांना वाटलं, खाली समोसे वगैरे असतील. त्यांनी उत्सुकतेने नॅपकिन उचलला. आमचं भांडं असं फुटलं, आणि तेही आमच्याच ट्रेमध्ये.

स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती, हातात दुधाचं पातेलं. पहिला आवाज आवक-जावकचा आला. "साहेब, ही शुद्ध फसवणूक आहे. याच्यावर कारवाई..."

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. मला खरोखर शरम वाटत होती, स्वतःपेक्षा हिच्यासाठी जास्त. "ती नको म्हणत होती. मला तळघरातून वर यायचं होतं, साहेब. बाकी काही नाही." आणि नेमकी तेव्हा मला शिंक आली.

साहेबांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ते हिच्याकडे बघत होते.

"वहिनी, हे सगळं तुम्ही? आरशात बघून?"

"सुरुवातीला गोंधळ झाला. मग जमलं."

"आणि माझं चित्र?"

"चित्र तुमचंच हो," ती म्हणाली. "मी फक्त धुराडं सरळ केलं."

साहेब पडद्याकडे वळले. "बरं, ही बंद कशी करायची?"

"उजव्या कोपऱ्यात न्या, पट्टी येईल. सेटिंग्ज, पॉवर, शट डाउन," पातेलं खाली न ठेवता तिने घडाघडा सांगितलं. साहेबांनी ट्रेवरच माउस फिरवला. पडदा काळा झाला.

"कार्यालयात चाळीस कॉम्प्युटर आहेत," साहेब सावकाश म्हणाले. "त्यातल्या एकालाही बोट कळत नाही. नवीन घेऊन देणार नाहीत, पण ही सिस्टीम मात्र घ्यावीच लागणार. बोटाने चालणारी वस्तू माउसने चालवायला शिकवणार कोण, याचीच मला महिनाभर काळजी होती. बोटाने कुणीही चालवेल हो. वहिनी, प्रशिक्षण कक्ष तुम्ही घ्याल का?"

खोटं कशाला बोलू, ती खोली माझी होती. त्या खिडक्या माझ्या होत्या. पण मी हिच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करणाऱ्या माझ्या बायकोला आज पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी तिच्या नावाने विचारलं होतं. तिचे कान लाल झाले होते. ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो म्हणून.

"घे ना," मी म्हणालो. "अगं, घे. पंखासुद्धा आहे तिथे." हे बोलताना मला आतून भरून आलं आणि मी ते शिंकेवर ढकललं.

आता आम्ही सकाळी बरोबर निघतो. कार्यालयाच्या जिन्याशी ती वर जाते, मी खाली जातो. दारावर तिच्या नावाची पाटी आहे. पण माझ्या बायकोने मला तळघरात ठेवून दिलं असं मात्र समजू नका. तिसऱ्याच दिवशी तिने साहेबांना सांगितलं की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मागच्या लोकांना बाण दिसत नाही, तर तो कुठे आहे हे दाखवायला एक माणूस हवा. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, दोन-दोन तास मी पहिल्या मजल्यावर पंख्याखाली उभा असतो. ती माउस फिरवते, मी बोट फिरवतो. एक शिंक येत नाही. लोक शिकतात, टाळ्याही वाजवतात. मला हळूहळू खात्री वाटू लागली होती की या कामाची कागदोपत्री कुठेतरी दखल घेतली गेली असणार, निदान 'सहायक प्रशिक्षक' अशी.

आणि घेतली गेली होती. परवा आवक-जावक वर्षअखेरची सामान-तपासणी करून नोंदवही सहीसाठी घेऊन आला. ही माउसवर होती, म्हणून वही मी उघडली. प्रशिक्षण कक्षातली प्रत्येक वस्तू ओळीने लिहिली होती. पडदा, नग एक. फळा, नग एक. खुर्च्या, नग वीस. आणि त्याखाली: 'दाखवण्याची काठी, मोडली असल्याने निकाली काढली. त्याऐवजी बाईंचे यजमान, नग एक, चालू स्थितीत.'

मी रागाने वही तिच्यापुढे धरली. "वाच! काय लिहिलंय वाच! आणि दुरुस्त कर!"

तिने शांतपणे वाचलं, माझ्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं, 'चालू स्थितीत' खोडलं, त्यावर सुंदर अक्षरात 'चालवल्यास चालते' असं लिहिलं आणि सही केली.